बारकीच्या वाटणीचं लिव्हर

बारा नंबरच्या बसचे ड्रायव्हर साऱ्या डेपोचे मामा होते. खरे मामा ते एकाच मुलीचे, धाकट्या बहिणीच्या लेकीचे. पण ती चार वर्षांची असताना एकदा डेपोच्या फाटकात उभी राहून तिनं अशी काही खणखणीत हाक मारली, "मामाऽऽ, डबा विसरलास!", की त्या दिवसापासून मेकॅनिकपासून मॅनेजरपर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणायला लागले. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलं.

माणूस अंगानं ऐसपैस आणि स्वभावानं त्याहून ऐसपैस. सव्वीस वर्षं एकाच सीटवर बसून सीटला त्यांचा आकार आला होता. दुसरा ड्रायव्हर त्या सीटवर बसला की कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं म्हणायचा. दारूचा थेंब नाही, विडी-सिगारेट नाही, तंबाखू नाही. नाद एकच, गोडाचा. प्रत्येक फेरीच्या शेवटी तीन चमचे साखरेचा चहा, सोबत बिस्किटांचा अख्खा पुडा, आणि दुपारच्या उन्हात सीटशेजारी थंड पेयाची बाटली. कंडक्टर त्यांना म्हणायचा, "मामा, स्टिअरिंग आणि तुमचं पोट यांच्यामध्ये आता तिकीटसुद्धा सरकायचं नाही."

"एअरबॅग आहे ती," मामा म्हणायचे. "कंपनीनं दिली नाही म्हणून घरच्या घरी बनवून घेतली."

मामांची बहीण त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून तिला बारकी म्हणायचे, आणि पुढे अंगानं वाढली तरी नाव तेच राहिलं. ती सहा वर्षांची असताना आई गेली. वडील पाळीवर जायचे. मग तिच्या वेण्या घालण्यापासून पाढे घेण्यापर्यंत सगळं मामांच्या गळ्यात पडलं. सतरा वर्षांचा मुलगा तो, त्याला वेणी काय येणार? तो दोरखंडासारखी करकचून वेणी वळायचा आणि बारकी दिवसभर भुवया वर ताणलेल्या अवस्थेत शाळेत बसायची. "माझ्या कपाळाला सुरकुत्या नाहीत त्या दादाच्या वेणीमुळे," असं ती चाळिशीतही सांगायची.

बारकी रफूचं काम करायची. एका जिन्याखालच्या छोट्याशा गाळ्यात, खिडकीला टेकून, डोळ्यावर भिंग लावून. कुणाचा कोट सिगारेटनं जळालेला, कुणाची शाल उंदरानं कुरतडलेली. ती त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून चार-दोन धागे काढायची आणि सुईनं पुन्हा विणून भोक असं बुजवायची, की नंतर ते कुठं होतं हे तिचं तिलाच सापडायचं नाही. नवरा वारला तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. तिला बारकीनं त्या गाळ्यावरच वाढवलं, शिकवलं. मामांकडे हात पसरायची वेळ तिनं कधी येऊ दिली नाही. उलट मामांच्याच कपड्यांची उसवलेली शिवण ती येता-जाता घालून द्यायची.

आजार चोरपावलांनी आला. आधी नुसता थकवा. मग अंगाला खाज, इतकी की ती हातावर रफूची सुई उलटी फिरवत बसायची. मग डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या आणि कळलं, की तिच्या शरीराची राखण करणाऱ्या पेशीच तिच्या लिव्हरवर उलटल्या आहेत. दोष कुणाचाच नव्हता. दोन वर्षं गोळ्यांवर निभावलं. तिसऱ्या वर्षी पोटात पाणी साठायला लागलं आणि मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, "आता लिव्हर बदलावं लागेल. मृत दात्याच्या लिव्हरसाठी थांबलेल्यांची यादी लांबलचक आहे. घरातलं कुणी तुकडा देऊ शकेल का पाहा. देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत पुन्हा भरून येतं."

भाचीनं आधी हात पुढे केला, पण तिचा रक्तगट जुळला नाही. मामांचा जुळला. त्या दिवशी मामा हॉस्पिटलच्या पायऱ्या एखाद्या पोरासारखे धापा टाकत चढले आणि बारकीच्या खाटेशी जाऊन म्हणाले, "जुळला! पाहिजे तेवढं घे."

बारकी हसली. "बरंच झालं. आई-बाबांनी मागं घर ठेवलं नाही, दागिना ठेवला नाही. भावाकडे वाटणी मागायची तर लिव्हरचीच मागायला हवी. पण दादा, तुझं लिव्हर बसलं की मीसुद्धा रिक्षावाल्यांना शिव्या घालायला लागेन बघ."

आठवडाभर मामांच्या तपासण्या चालल्या. रक्त, लघवी, छातीचा फोटो, पोटाचं स्कॅन. आठव्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्यांना एकट्याला आत बोलावलं.

डॉक्टरबाई साठीच्या, किडकिडीत, आणि शब्द मोजून बोलणाऱ्या. त्यांनी कागद मामांकडे वळवला. "तुमचं लिव्हर आम्ही घेऊ शकत नाही."

"का? रक्तगट तर जुळतो."

"लिव्हरची ही जी एन्झाइम्स आहेत ना, ती चाळीसच्या आत हवीत. तुमची शहाण्णव आहेत. लिव्हरच्या पेशींना इजा झाली की ती रक्तात गळतात. आणि स्कॅनमध्ये कारणही दिसतंय. तुमच्या लिव्हरमध्ये तीस टक्के चरबी आहे. दहाच्या वर असेल तर आम्ही तुकडा घेत नाही. बहिणीलाही तो चालणार नाही आणि उरलेला तुम्हालाही पुरणार नाही."

मामांना वाटलं कागदांची अदलाबदल झाली असणार. "डॉक्टर, मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही."

"दारूच लागते असं कुणी सांगितलं? दिवसभर बसून राहणं, साखर, गोड पेयं, पोटाचा घेर. यानंही तेच होतं, आणि दुखत-खुपत काही नाही, म्हणून कळत नाही." त्यांनी पेन उचललं. "याआधी कधी रक्त तपासलं होतं?"

मामा नाही म्हणणार होते. पण मग आठवलं. तपासलं होतं. दोन वर्षांपूर्वी डेपोत वार्षिक तपासणी झाली होती आणि तिथल्या डॉक्टरनं कागदावर लाल रेघ मारून लिहिलं होतं, 'एन्झाइम्स वाढलेली, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावीत.' मामांनी तो कागद कंडक्टरला दाखवून "आपलं लिव्हरसुद्धा ओव्हरटाइम करतंय" असा विनोद केला होता आणि घरी नेऊन कपाटाच्या खणात टाकला होता. तेव्हा बारकीचं दुखणं नुकतंच कळलं होतं.

"हे बरं होतं का?" त्यांनी विचारलं.

"होतं. आजार इतपत असेल तर पूर्ण मागे फिरतो. औषधानं नाही, तुमच्या तुम्हीच. वजन दहा किलो कमी करा, पण सावकाश. उपाशी राहिलात तर लिव्हर आणखी बिघडेल. साखर बंद, गोड पेयं बंद, तळलेलं बंद. भाज्या, डाळी, अंडी खा. रोज चाला, घाम येईपर्यंत चाला. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू."

"आणि बारकीकडे तीन महिने आहेत?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असावेत," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मामांनी खणातला कागद काढला, तारीख पाहिली आणि खाटेवर बसून राहिले. चहा घेऊन आलेल्या मामींच्या हातातला कप त्यांनी घेतला नाही. मामींनी कागद वाचला आणि कप परत आत नेला.

दुसऱ्या दिवसापासून मामा चालायला लागले. डेपोपासून घरापर्यंत बारा नंबरचेच अकरा थांबे होते. पहिल्या दिवशी ते दोन थांबे चालले आणि तिसऱ्याला बाकावर असे कोसळले, की मागून आलेल्या बारा नंबरच्याच दुसऱ्या पाळीच्या ड्रायव्हरनं उतरून विचारलं, "मामा, ॲम्ब्युलन्स बोलावू का?" गुडघे कुरकुरत होते, मांड्या घासून सोलल्या होत्या. सव्वीस वर्षं ज्या रस्त्यावरून ते रोज सोळा वेळा गेले, त्या रस्त्याला चढ आहे हे त्यांना पायी चालल्यावर कळलं. पुढच्या आठवड्यात चार थांबे झाले, मग सहा. एका चपलेचा तळ गेला. महिन्याच्या शेवटी अकराही थांबे चालून त्यांनी घराची कडी वाजवली तेव्हा शर्ट पिळून काढावा असा भिजला होता आणि चेहऱ्यावर हसू होतं.

चहात साखर नाही म्हणजे पहिले आठ दिवस शिक्षाच. ते चहाचा घोट घ्यायचे आणि औषध गिळल्यासारखं तोंड करायचे. डोकं दुखायचं, उगाच चिडचिड व्हायची. कँटीनवाला सवयीनं बिस्किटांचा पुडा पुढे सरकवायचा, मामा तो तसाच कंडक्टरकडे सरकवायचे. "मामा, तुमच्यामुळे माझं पोट वाढायला लागलंय," कंडक्टर म्हणाला. मग तोही बिस्किटं सोडून काकडी आणायला लागला.

महिन्याभरात वजन चौऱ्याण्णवचं नव्वद झालं. बारकीला ते आकडा सांगायला जायचे, शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसे. ती आता घरीच होती. पोट फुगलेलं, हातपाय काटक्यांसारखे. पण आकडा ऐकला की टाळी मागायची.

आणि मग नव्वदवर काटा अडकला.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. मामा आता अकरा थांब्यांपलीकडे नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत येत होते. पोळ्या चाराच्या दोन केल्या होत्या. तरी काटा हलेना. तिसऱ्या आठवड्यात उलट अर्धा किलो चढलं. औषधाच्या दुकानाबाहेरच्या वजनकाट्यावर ते तीनदा चढले-उतरले. दुकानदार म्हणाला, "मामा, काटा बरोबर आहे हो."

त्याच आठवड्यात एके दिवशी अकरा वाजता बसचा ब्रेक बिघडला आणि मामांना अर्ध्या दिवसानं सुट्टी मिळाली. ते घरी आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात मामी पाठमोऱ्या उभ्या होत्या. ओट्यावर मामांचा डाळ-भाजीचा टोप होता, जो रोज त्यांच्यासाठी वेगळा शिजायचा. मामींनी कागदातून लोण्याचा मुठीएवढा गोळा काढला, टोपात सोडला आणि तो दिसेनासा होईपर्यंत हलक्या हातानं ढवळत राहिल्या.

"काय करतेस?" मामा म्हणाले.

मामी वळल्या. पळी तशीच हातात.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले," मामी म्हणाल्या. त्यांनी लपवालपवी केली नाही. "पोळीतसुद्धा घालते."

मामा स्टुलावर बसले. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोवर हात काय, आवाजही फारसा उचलला नव्हता. तेव्हाही उचलला नाही. "का गं?" एवढंच विचारलं.

"तुम्ही त्या टेबलावरून उठला नाहीत तर?" मामी म्हणाल्या. "डॉक्टरबाई म्हणाल्या ना, देणाऱ्यालाही धोका असतो, थोडा का होईना. सगळे म्हणतात मामा मोठ्या मनाचे. मला कुणी विचारलं? मी नको म्हटलं असतं तर मी कोण ठरले असते? बारकी मला परकी नाही हो. लग्न होऊन आले तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती, माझ्या कुशीत झोपायची. तिच्या बाबतीत मी नको म्हणू शकत नव्हते. म्हणून..." मामींनी टोपाकडे बोट केलं.

मामा उठले, टोप मोरीत ओतला, आणि दुसरा टोप घेऊन स्वतः डाळ धुवायला लागले. दोन दिवस त्यांनी आपलं आपण शिजवून खाल्लं. डाळ कच्ची राहायची, भाजी करपायची. घरात भांड्यांचाच काय तो आवाज. तिसऱ्या दिवशी सकाळी मामी चमचा घेऊन त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले. "तेल किती चमचे ते सांगा," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर एक थेंब जाणार नाही."

"दोन. दिवसाचे," मामा म्हणाले.

त्यानंतर एक थेंब गेला नाही. काटा पुन्हा उतरायला लागला. अठ्ठ्याऐंशी, सत्याऐंशी, पंच्याऐंशी.

पण इकडे बारकी उतरत होती. तिचे हात आता पंख फडफडल्यासारखे थरथरायचे. लिव्हर जे विष गाळायचं ते गाळेनासं झालं की डोक्यात चढतं, असं डॉक्टरबाईंनी समजावलं होतं. ती बोलता बोलता शब्द हरवून बसायची. एकदा मामा गेले तर ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. ओवतेय, ओवतेय, आणि मामांनी जवळ जाऊन पाहिलं तर हातात सुई नव्हतीच, काडेपेटीतली काडी होती. भाची दाराआड तोंड फिरवून उभी होती.

चांगल्या दिवशी मात्र ती पूर्वीची बारकी असायची. अशाच एका दिवशी तिनं मामांना कमरेला पट्टा आवळून पँट सावरताना पाहिलं. "काढ ती," ती म्हणाली. "मी आत घेऊन देते. डेपोत लोक हसतील, म्हणतील बहीण रफूवाली आणि भाऊ चुण्या घालून फिरतो." मामा नको नको म्हणत असताना तिनं पँट घेतली. दोन दिवस लागले तिला. शिवण कुठे वर गेली होती, कुठे खाली. तिच्या हातची वाकडी शिवण मामांनी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तिनंही पाहिली. "दादा, आत दुमडून घे, दिसणार नाही," ती हळूच म्हणाली.

मामांनी एकदा तिला खणातल्या कागदाचं सांगून टाकलं. मनात ठेवून त्यांना झोप लागत नव्हती. दोन वर्षांपूर्वीच लक्ष दिलं असतं तर पहिल्याच दिवशी देता आलं असतं, असं काय काय ते खाली मान घालून बोलत राहिले. मामींच्या लोण्याचं मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही.

बारकीनं ऐकून घेतलं. "दादा," ती म्हणाली, "मला खाज सुटत होती तेव्हा मी वर्षभर साबण बदलत बसले होते. डॉक्टरकडे गेले का? आपण दोघं एका आईची, दुसरं काय."

चौदाव्या आठवड्यात मामांचं स्कॅन झालं. वजन त्र्याऐंशी. एन्झाइम्स एकतीस. चरबी आठ टक्के. डॉक्टरबाई कागद पाहत होत्या आणि मामा त्यांच्या चेहऱ्याकडे. त्या पहिल्यांदाच हसल्या. "वीस वर्षं सांगतेय लोकांना. शंभरातले पाच जण ऐकतात. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन."

मामांनी हॉस्पिटलच्या दारातूनच भाचीला फोन लावला. ती फोनवर रडायला लागली, मग मागून बारकीचा आवाज आला, "काय म्हणतोय? नापास?" आणि "पास" कळल्यावर ती जी हसली, ते हसणं मामांच्या कानात राहिलं. घरी मामींना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, आत जाऊन मामांची हॉस्पिटलची पिशवी काढली, आणि टॉवेल, दाढीचं सामान, स्लिपर एकेक करून भरायला घेतलं.

शनिवारी बारकीला ताप आला. पोटात कळा. रविवारी सकाळी तिला अतिदक्षता विभागात हलवलं. पोटात साठलेल्या पाण्याला जंतूंची लागण झाली होती, आणि ते विष रक्तात पसरलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी हे आटोक्यात येऊ दे, मग ऑपरेशन. सोमवारी किडन्यांनी काम थांबवलं. मामा ड्यूटीवर होते. त्यांना घरी बसवेना म्हणून ते गेले होते. सातव्या थांब्यावर कंडक्टरला फोन आला. त्यानं घंटी वाजवून बस थांबवली, पुढे येऊन मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उतरा मामा. बस मी बघतो. तुम्ही जा."

मामा युनिफॉर्ममध्येच पोचले. काचेपलीकडे बारकी होती, नळ्यांच्या गुंत्यात, मुठीएवढी. सव्वातीनला संपलं. भाची मामांच्या छातीवर डोकं आपटत म्हणत होती, "तीनच दिवस राहिले होते, मामा. तीनच दिवस." मामी भिंतीला टेकून उभ्या होत्या, जवळ यायचं धाडस नसल्यासारख्या.

पंधरा दिवसांनी मामा एकटेच डॉक्टरबाईंकडे गेले. विचारायचं ते सरळ विचारलं. "तीन आठवडे आधी झालं असतं तर ती वाचली असती?"

डॉक्टरबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "वाचली असती, किंवा टेबलावरच गेली असती, किंवा वर्षभरानं गेली असती. मी खोटं बोलून तुमची समजूत घालणार नाही. पण हा प्रश्न घरी नेऊ नका." मग मामांच्या रिपोर्टकडे पाहून म्हणाल्या, "तुमचं लिव्हर आता उत्तम आहे. सांभाळा."

ते वाक्य मामांना थपडेसारखं लागलं. उत्तम लिव्हर घेऊन काय करायचं होतं? प्रश्न त्यांनी घरी नेलाच. बोलले मात्र नाहीत. जेवताना समोरासमोर बसायचे, मामी दोन चमचे तेलाची भाजी वाढायच्या, मामा खायचे, आणि मध्ये ते तीन आठवडे बसलेले असायचे. मामा पुन्हा बसनंच घरी यायला लागले. कँटीनमध्ये पुन्हा तीन चमचे साखर, पुडा, बाटली. कंडक्टर बघून न बघितल्यासारखं करायचा. तीन महिन्यांत सहा किलो परत आले.

भाची दर रविवारी यायची. एका रविवारी ती जेवत असताना मामींनी वाढता वाढता पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मला तुला काही सांगायचंय." मामांना कळलं. ते म्हणाले, "अगं, राहू दे." पण मामी थांबल्या नाहीत. लोणी, पोळ्या, तीन आठवडे, सगळं सांगितलं. भीती वाटली होती हेही सांगितलं, पण सबब म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

भाचीनं घास खाली ठेवला. मामांकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

ती उठली, हात धुतले, चपला घातल्या आणि गेली. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही. फोन केला तर "कामात आहे" म्हणायची. मामी रोज दाराकडे कान लावून असायच्या आणि मामा ते पाहायचे. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आपण बायकोवर रागावलेलोच नाही. खणातल्या कागदाची दोन वर्षं आपली आणि तीन आठवडे तिचे. हिशेब मांडायला बसलं तर आपल्याच पदरात जास्त पडतं. ते त्यांनी मामींना बोलून दाखवलं. मामी म्हणाल्या, "तुम्ही बेसावध होतात. मी जाणूनबुजून केलं." मामा त्यांच्याशेजारी जाऊन बसले, एवढंच. बऱ्याच महिन्यांनी.

चार महिन्यांनी, एका साध्या बुधवारी दुपारी, भाची दारात आली. वाळली होती. मागे हातगाडी होती आणि तिच्यावर तीन मोठी खोकी.

"गाळा सोडावा लागतोय," ती मामांना म्हणाली. मामींकडे तिनं पाहिलं नाही. "आईकडे लोकांचे कपडे पडून आहेत, रफूला दिलेले. काहींचे पत्ते आहेत, काहींचे नाहीत. माझ्या खोलीत मावत नाहीत. इथे ठेवू?"

"विचारायचं काय त्यात?" मामा म्हणाले.

खोकी जड होती. पहिलं मामांनी उचललं आणि दोन पायऱ्यांत धाप लागून खाली ठेवलं. भाची त्यांच्याकडे पाहत राहिली. पोटाकडे, घामाकडे. तिचा चेहरा बदलला. "परत?" ती म्हणाली. "मामा, तू परत वाढवलंस? आई तुझं वजन उतरेपर्यंत तग धरायची धडपड करत होती, आणि तू..." तिला रडू फुटलं. चार महिने साठवलेलं सगळंच त्यात होतं. "मला आता आहे कोण? तुलाही काही झालं तर मी कुणाच्या दारात खोकी घेऊन जाऊ?"

मामा खोक्यावर हात ठेवून उभे होते. त्यांना वाटलं होतं आपलं लिव्हर आता कुणाच्याच कामाचं नाही.

तेवढ्यात मामी पुढे झाल्या. दुसरं खोकं एका बाजूनं धरलं आणि वर न पाहता म्हणाल्या, "धर तिकडून. एकटीला नाही उचलवत मला."

भाचीनं डोळे पुसले. मग वाकून तिनं दुसरी बाजू धरली. दोघी ते खोकं घेऊन आत गेल्या, उंबऱ्याशी जरा अडखळल्या, भाची म्हणाली, "सावकाश." तिसरं खोकंही तसंच गेलं. पत्ते असलेले कपडे वेगळे काढायला तासभर लागला. त्या तासात दोघी कपड्यांपलीकडे काही बोलल्या नाहीत, आणि संध्याकाळी मामींनी "जेवून जा" म्हटल्यावर भाची "नको" म्हणाली. पण पुढच्या रविवारी आली, उरलेल्या कपड्यांचं कारण काढून. क्षमा वगैरे शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही, अजूनही नाही.

मामा दुसऱ्याच दिवसापासून अकरा थांबे चालायला लागले. या वेळी हसू नव्हतं आणि आकडा सांगायला कुणी नव्हतं. दर सहा महिन्यांनी ते रक्त तपासतात. शेवटचा आकडा चौतीस होता. डेपोतला एखादा तरुण ड्रायव्हर वार्षिक तपासणीचा कागद घडी करून खिशात घालताना दिसला, की मामा त्याला थांबवतात, कागद उघडायला लावतात आणि लाल रेघ असेल तर त्याच्याबरोबर स्वतः दवाखान्यात जातात. का, ते सांगत नाहीत. पोरांना वाटतं, म्हातारपणी मामांना तब्येतीचं खूळ लागलंय.